बदलीच्या सामानातील पुस्तके

नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या अधिकाऱ्याने काय वाचावे, याच्या याद्या हल्ली पुष्कळ निघतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. कामासाठी अमुक, नेतृत्वासाठी तमुक आणि मन रमविण्यासाठी आणखी काही, असे तीन कप्पे पाडलेले असतात. पहिल्या दोहोंत बहुधा इंग्रजी पुस्तके असतात. मराठीची वर्णी लागलीच तर तिसऱ्यात, रविवार दुपारची सोय म्हणून. जयपुरात दिवसभर हिंदी टिपणे आणि इंग्रजी परिपत्रके हाताळणाऱ्या आमच्या वाचकांना ही वाटणी स्वाभाविक वाटत असेल. आम्हांस ती मान्य नाही. हुकूम जेथून सुटतो तेथला माणूस कारभारावरील प्रत्येक पुस्तकात भेटतो. हुकूम जेथे जाऊन पोहोचतो तेथला माणूस ज्यात दिसतो, ते पुस्तक बदलीच्या सामानात बांधावे. ही एक कसोटी लावली की तिन्ही कप्प्यांमधल्या फळ्या आपोआप निखळतात.

पहिले पुस्तक अर्थात रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’. ते १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत सिद्ध झाले. शिवछत्रपतींच्या काळापासून कारभार पाहत आलेल्या आणि राजाराम महाराज जिंजीस गेले असता महाराष्ट्रातील राज्य सांभाळणाऱ्या पुरुषाचा अनुभव त्यात उतरला आहे. त्यातील झाडांविषयीचा भाग पर्यावरणदिनाच्या भाषणांनी इतका गुळगुळीत करून टाकला आहे की, तो मुळात कोठे आला आहे याचाही विसर पडावा. तो आला आहे आरमाराच्या प्रकरणात. गलबतांना लाकूड हवे. आंबा-फणसाचे लाकूडही उपयोगी पडते. तथापि त्या झाडांना हात लावू देऊ नये, असे अमात्य बजावतात. कारण ती एका-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. आमच्या मते हा पाठ वनखात्यापेक्षा खरेदीखात्याला अधिक लागू आहे. सरकारी निकड खरी आहे, वस्तू समोर उभी आहे, ती उचलण्याचे सामर्थ्यही आहे. अशा वेळी अमात्य लिहिणे थांबवून झाडाच्या धन्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. आरमाराच्या हिशेबात रयतेच्या दुःखाची रक्कम मांडणारा हा कारभारी शैलीकारही आहे, कारण त्याला ते दुःख नेमक्या शब्दांत सांगता येते.

गडांच्या प्रकरणात अंमलदारांना एका जागी फार काळ ठेवू नये, ठराविक मुदतीने त्यांच्या बदल्या कराव्यात, असे सांगितले आहे. बदलीच्या हुकमाने वैतागलेल्या आमच्या मित्रांनी ते मुद्दाम वाचावे. आपले दुःख केवढे जुने आहे हे कळून थोडे हसू येईल. टोपीकर साहुकारांचे प्रकरणही असेच ताजे आहे. हे इतर व्यापाऱ्यांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राज्ये उभी आहेत, म्हणून यांना समुद्रकाठी पक्की जागा देऊ नये, हे त्या काळी ओळखणे साधी गोष्ट नव्हती. ग्रंथाची उणीव मात्र सांगितली पाहिजे. अमात्य सर्व काही वरून पाहतात. रयत त्यांना दिसते, पण ती बोलत नाही.

जयपुरात बसून हे पुस्तक वाचणाऱ्याला एक अप्रिय संदर्भ टाळता येणार नाही. ईश्वरीसिंहाने उभारलेली ईसरलाट त्रिपोलिया बाजाराच्या माथ्यावर आजही दिसते. त्याच ईश्वरीसिंहाने, खंडणीच्या वसुलीसाठी मराठी फौजा चालून येत आहेत हे पाहून, १७५० च्या डिसेंबरात विष घेऊन जीव दिला. पुढच्याच महिन्यात, म्हणजे १७५१ च्या जानेवारीत, शहर पाहण्यास आत शिरलेल्या मराठ्यांवर नगरवासी तुटून पडले आणि हजारो माणसे मारली गेली. आंब्याचे झाडही धन्याच्या संतोषाने घ्यावे, असे मराठीत लिहिले गेल्याला तेव्हा पस्तीसच वर्षे झाली होती. या घटनेकडे कृतघ्नपणाची कहाणी म्हणून पाहणारे आपल्यात आहेत. आम्ही तिच्याकडे वसुलीच्या कारभाराची कहाणी म्हणून पाहतो, आणि ज्यांना या शहरात मराठी नाव घेऊन सरकारी खुर्चीवर बसायचे आहे त्यांनी ती माहीत करून घ्यावी असे आम्हांस वाटते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांत उत्तरेकडील मराठी कारभाराची पत्रे आहेत. सगळे खंड वाचण्याचा सल्ला कोणीही देणार नाही. एखादा खंड मिळवून रोज एक पत्र वाचावे. धन्याला नको असलेली बातमी किती शब्दांत आणि कोणत्या क्रमाने कळवावी, हे त्या मोडीतून उतरलेल्या गद्याइतके दुसरे कोणी शिकवील असे वाटत नाही.

नेतृत्वाच्या कप्प्यात आम्ही एकच पुस्तक ठेवू: व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमलेला हा कोवळा मास्तर सरकारी श्रेणीच्या अगदी तळाशी आहे. त्याच्या हाती ना शिपाई, ना दंडाचा अधिकार. शाळेत पोरे येत नाहीत, कारण ती मेंढरांमागे आहेत. तो कारभाऱ्याच्या कलाने घेतो, लोकांची पत्रे लिहितो, त्यांची बारीकसारीक कामे करतो आणि हळूहळू वाडीचा होतो. मग त्याच्या डोक्यातून तालीम निघते आणि साऱ्या वाडीच्या अंगमेहनतीने ती उभी राहते. कोणाही नेतृत्वप्रशिक्षकाने येथे पुस्तक मिटले असते. माडगूळकर मिटत नाहीत. कारभाऱ्याचे मन गैरसमजाने फिरते, तो जातो, दुष्काळ पडतो, वाडी उठून पांगते. उरतो तो मास्तर आणि त्याच्या बदलीचा हुकूम. आपण उभे केलेले काम आपल्यामागे टिकेलच असे नाही, आणि म्हणून ते करणे व्यर्थही ठरत नाही, हे दोन्ही एकाच वेळी मनावर ठसविणारी मराठीत दुसरी कादंबरी आम्हांस आठवत नाही. माडगूळकर सांगत काहीच नाहीत, केवळ दाखवितात. त्यांची वाक्ये आखूड आहेत. दिवसभर लांबलचक टिपणे लिहिणाऱ्याला त्यांचा गुण येतो.

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ याच रांगेत बसते. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या कादंबरीचा विषय धरणग्रस्तांचे पुनर्वसन हा आहे, आणि तिचा लेखक स्वतः महसुली सेवेत होता. ती पसरट आहे, काही प्रसंगांत आवाज चढतो. तरी भूसंपादनाची धारिका हातात घेण्यापूर्वी ती वाचलेली बरी.

राहिला करमणुकीचा कप्पा. विनोदी लेखकांची नावे वाचकांना आमच्याहून अधिक ठाऊक आहेत, त्यांविषयी बोलत नाही. आम्ही नाव सुचवितो ते ‘मेघदूता’चे, आणि तेही चिंतामणराव देशमुखांच्या मराठी अनुवादातून. १९१८ साली सनदी परीक्षेत पहिले आलेले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० पासून १९५६ पर्यंत भारताचे अर्थमंत्री असलेले हे गृहस्थ संस्कृत काव्यात रमत. हा विरंगुळा त्यांनी कामापासून दूर जाण्यासाठी शोधला, असे म्हणवत नाही. कारण ‘मेघदूत’ ही मुळात शिक्षेच्या बदलीची कथा आहे. कामात कुचराई झाली म्हणून यक्षाला वर्षभर घरापासून दूर धाडलेले आहे. हुकूम देणारा कुबेर ओझरता येतो. बाकी सारे काव्य हुकूम भोगणाऱ्याचे आहे. त्याचा रामगिरी म्हणजे आपले नागपूरजवळचे रामटेक, असे पुष्कळ विद्वान मानतात. म्हणजे यक्षाला काळ्या पाण्यासारखी वाटलेली जागा ही आपल्यापैकी कित्येकांचे माहेर ठरते. त्याचा मेघ उज्जयिनीवरून पुढे निघतो आणि चर्मण्वती ओलांडतो. तीच पुढे कोट्यावरून वाहणारी चंबळ. अनुवाद मूळ संस्कृत शेजारी ठेवून वाचावा. पूर्वमेघाला सुटीची एक सकाळ पुरते.