बुखा-नोयोन : वृषभकथा आणि तिचे बौद्ध रूपांतर

बैकाल सरोवराच्या परिसरात राहणाऱ्या बुर्यात लोकांची कुलकथा एका बैलापासून सुरू होते. बुखा-नोयोन, म्हणजे वृषभस्वामी, हा आकाशातून उतरलेला देव. तायजी खानाच्या बैलाशी झुंजण्यासाठी तो निळसर-करड्या बैलाचे रूप घेतो. खानकन्येला त्याच्यापासून पुत्र होतो. आणि लोखंडी पाळण्यातील ते मूल पुढे एका निपुत्रिक शमन स्त्रीला बैलापाशी सापडते. ते मूल बुलागात. बैकालच्या पश्चिमेकडील एक मोठी बुर्यात जमात त्यालाच आपला मूळ पुरुष मानते. या परंपरेचे संकलन करणाऱ्यांत मात्वेई खांगालोव (१८५८–१९१८) हे स्वतः बुर्यात अभ्यासक अग्रणी होत. (‘शमन’ या शब्दाचा पालि ‘समण’शी संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो, ती व्युत्पत्ती वादग्रस्त आहे, आणि आम्ही तिच्यावर काहीही उभारू इच्छित नाही.)

कथेचे बळ तिच्या रोकठोकपणात आहे. हा बैल पूज्य आहे तो पूर्वज म्हणून. तो झुंजतो, मोह पावतो, पोरके मूल सांभाळतो. अशा देवाची कल्पना पशुपालक समाजालाच सुचावी. घोडा, गाय-बैल, मेंढी, बकरी आणि उंट हे पाच प्रकारचे पशुधन हीच तेथली संपत्ती. आणि नववर्षाच्या सागालगान या सणात दूध, दही, लोणी यांचे ‘शुभ्र अन्न’ हाच मान.

या भूमीत मंगोलिया व तिबेटमार्गे बौद्ध धम्म पोहोचला. १७४१ मध्ये रशियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथ यांनी ११ विहार व १५० लामा यांना मान्यता दिली. लामांनी बुखा-नोयोनला हुसकावले नाही. ‘रिन्चिन खान’ या नावाने त्यास रक्षक देवतांत स्थान दिले आणि रक्तबळीच्या जागी दूध-लोण्याचा नैवेद्य पुढे केला. ‘रिन्चिन’ म्हणजे तिबेटी भाषेत रत्न. नाव भूषणावह खरे, पण त्यात बैलाचे शिंगसुद्धा दिसत नाही! या नामांतरात कुळाचा पूर्वज हरवतो आणि केवळ एक रक्षक उरतो, अशी आमची तक्रार आहे. तथापि बळीची जागा दुधाने घेणे हे कूटदंत सुत्ताच्या वाटेवरचे पाऊल आहे. त्या सुत्तातील आदर्श यज्ञात गाई-बैल मारले जात नाहीत. तूप, तेल, दही, मध यांनीच तो पार पडतो. नावाच्या हानीपेक्षा हा लाभ आम्ही मोठा मानतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. बुर्यातांच्या वृषभपूजेत काहींना गोपूजेचाच विस्तार दिसतो, आणि पुष्टीसाठी सुत्तनिपातातील ब्राह्मणधम्मिक सुत्त पुढे केले जाते. त्या सुत्तात गाईंना आई, वडील, भाऊ यांसारख्या आप्त म्हटले आहे हे खरे. परंतु त्याचे कारणही तेथेच दिले आहे: त्या अन्न देतात, बळ देतात, कांती देतात, सुख देतात. हा युक्तिवाद उपकाराचा व करुणेचा आहे; तो यज्ञात गाई मारणाऱ्या ब्राह्मणांवरील आरोप आहे. त्यात गाईच्या पावित्र्यावरून माणसाची प्रतवारी लावलेली नाही.

बुर्यातांकडेही ती नाही. ज्या पशूच्या रूपात पूर्वज वावरला, त्याच जातीच्या पशूचे मांस ते कडक हिवाळ्यात खातात. दयेच्या कसोटीवर याविषयी प्रश्न विचारता येईल, आणि तो विचारावा. मात्र गोमांस खाल्ले म्हणून तेथे कोणी गावाबाहेर टाकला गेला नाही. बाबासाहेबांनी ‘द अन्टचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात गाईचे पावित्र्य आणि अस्पृश्यतेचा उगम यांचा जो संबंध दाखविला, त्याच्या प्रकाशात हे उदाहरण तपासावे असे आम्हांस वाटते. पशूला पूज्य मानले की माणूस अस्पृश्य ठरतोच असे नाही. त्यासाठी त्या पूज्यतेचा दंडक करणारा पुरोहितवर्ग आणि त्याला आधार देणारी समाजरचना लागते.

१९३० च्या दशकात सोव्हिएत सत्तेने बुर्यात विहार बंद पाडले; १९४५ मध्ये इवोल्गा येथे पुन्हा एक विहार उभा राहिला. तुंका खोऱ्यातील बुखा-नोयोनचा पांढरा खडक मात्र जागेवरच होता. शमनपंथीयांनी त्याला बुखा-नोयोन म्हणून, बौद्धांनी रिन्चिन खान म्हणून, तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांनी संत पार्थेनियस म्हणून पूजले. या तिघांपैकी खडकाला बैल म्हणून ओळखण्याचे धैर्य पहिल्यांनीच दाखविले.