बदललेल्या ओळींपुरते इशारे : सोय कोणाची, धोका कोणाला?

प्रोग्राम न चालवता त्याचा मजकूर तपासून संभाव्य चुका दाखवणे म्हणजे स्टॅटिक ॲनालिसिस. स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये सी भाषेसाठी ‘लिंट’ लिहिले. तेव्हापासून अशा साधनांविषयीची तक्रार एकच आहे : इशारे फार, खऱ्या चुका थोड्या. जुन्या प्रकल्पावर असे साधन प्रथमच चालवले की हजारो इशारे येतात आणि ते कोणीच वाचत नाही. यावर सध्या लोकप्रिय असलेला उपाय म्हणजे नुकत्याच बदललेल्या ओळींवरचे इशारे तेवढे दाखवणे. या उपायाचे आपण येथे परीक्षण करू.

पद्धत सोपी आहे. मूळ शाखा आणि आपली शाखा यांतला फरक गिटकडून घ्यायचा, बदललेल्या ओळींच्या क्रमांकांची यादी करायची आणि यादीबाहेरचा इशारा गाळायचा. क्लँग-टायडीसोबत अशी स्क्रिप्ट मिळते, गोलँगसीआय-लिंटमध्येही तशी सोय आहे.

फायदा खरा आहे. फेसबुकच्या अभियंत्यांनी ‘इन्फर’ या साधनाचा अनुभव २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. इशाऱ्यांची यादी वेगळी काढून प्रोग्रामरांना दिली, तेव्हा दुरुस्तीचे प्रमाण जवळजवळ शून्य होते. बदल परीक्षणाला येतो त्याच वेळी इशारे दिल्यावर ते ७० टक्क्यांच्या वर गेले. मात्र एक फरक लक्षात घ्या. इन्फर केवळ ओळक्रमांक पाहत नाही. बदलापूर्वीचे आणि नंतरचे इशारे ताडून ते नवे इशारे वेगळे काढते. ओळींची गाळणी हे करत नाही, आणि तिचा दोष नेमका इथेच आहे.

समजा, नोंद शोधणारे एक फंक्शन आजवर नेहमी वैध पॉइंटर देत होते. तुम्ही त्यात दोन ओळी घातल्या : नोंद सापडली नाही तर नल द्या. या दोन ओळींत चूक नाही. चूक आहे ती दुसऱ्या फाइलमध्ये, जिथे तो पॉइंटर न तपासता वापरला आहे. ती ओळ कोणी बदललेली नाही, म्हणून गाळणी तिथला इशारा फेकून देते. म्हणजे तुमच्या बदलाने निर्माण झालेला इशारा तुम्हालाच दिसत नाही.

काही वेळा मजकूर तोच राहतो आणि परिस्थिती बदलते. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना ती मावली नाही. हा कोड एरियन ४ मधून आणलेला होता, पण नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. ‘नवे काय?’ एवढेच विचारणाऱ्या गाळणीने या ओळीवर बोट ठेवले नसते.

मग मधला मार्ग कोणता? पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रातील, म्हणजे टीआरडीडीसीतील, भारती चिमड्यालवार आणि श्रवण कुमार यांनी २०११ च्या इंडिया सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग कॉन्फरन्समध्ये याच प्रश्नावर शोधनिबंध मांडला. त्यांचा प्रश्न ‘ही ओळ बदलली का?’ असा नसून ‘या इशाऱ्यावर बदलाचा परिणाम होतो का?’ असा आहे. परिणाम नसेल तरच जुना इशारा दडवायचा. यासाठी डेटाचा प्रवाह आणि फंक्शनांचे परस्परसंबंध तपासावे लागतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पण प्रश्न योग्य विचारला जातो.

तात्पर्य असे : नावे, मांडणी, न वापरलेली चले यांच्या इशाऱ्यांना ओळींची गाळणी पुरते, कारण त्यांचे कारण बहुधा त्याच ओळीच्या आसपास असते. नल, मेमरी आणि ओव्हरफ्लो यांचे इशारे मात्र आधी-नंतर ताडूनच पाहावेत. शिवाय संपूर्ण कोडची तपासणी ठरावीक काळाने करावीच. गाळणीने यादी लहान होते, चुका कमी होत नाहीत.

स्वाध्याय : आपल्या प्रकल्पातील एका फंक्शनचे परतमूल्य बदला. गाळणी लावून आणि न लावून विश्लेषक चालवा. दोन्ही याद्यांतील फरकाचे कारण पाच वाक्यांत लिहा.