नेटवरचा माणूस

पिंपरी-चिंचवडमध्ये बॅडमिंटन म्हणजे दुहेरीच. वाकड, रावेत, मोशीपासून थेट चाकणपर्यंत पत्र्याच्या उंच शेडमध्ये कोर्टं आहेत, भाडं तासावर. दोघांनीच खेळायचं तर खिशाला जड जातं, चौघांत वाटलं की परवडतं. पहिल्या पाळीची बस गाठायच्या आधी तासभर घाम गाळणाऱ्या मंडळींचा एक अलिखित नियम असतो: ज्याचा हात दणकट तो मागे, जो नवखा किंवा ज्याचा गुडघा दुखतो तो पुढे, नेटवर. मागच्याने स्मॅश मारायचा, पुढच्याने मान खाली घालून उभं राहायचं.

चिराग शेट्टीचा खेळ बघितला की या नियमातली गंमत कळते. चिराग मुंबईचा, जन्म 1997 चा. गोरेगावात उदय पवार यांच्या अकादमीत घडला, पुढे हैदराबादला गेला. उंच, ताकदवान, मागच्या कोर्टवरून उडी घेऊन मारणारा. 2016 च्या सुमारास मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हेर यांनी त्याची जोडी अमलापुरमच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीशी लावली. पंचाईत अशी की सात्त्विकही मागूनच मारणारा, आणि मारतो तो असा की 2023 मध्ये त्याच्या स्मॅशचा ताशी 565 किलोमीटर वेग गिनीज बुकात गेला. दोन मारणारे एका जोडीत. कुणीतरी पुढे यायला हवं होतं. चिराग आला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा फटका हाच.

पुढे येणं म्हणजे नेमकं काय? पुरुष दुहेरीत रॅलीचा निकाल बहुधा पहिल्या तीन-चार फटक्यांत लागतो. बॅकहँडने आखूड सर्व्हिस, नेटच्या पट्टीला घासून. समोरचा शटल ढकलतो. तिसरा फटका असा हवा की समोरच्याला शटल उचलूनच द्यावं लागेल. ते उचललं गेलं की मागचा हवेत झेपावतो आणि टाळ्या त्याला मिळतात. स्मॅश परतून आलाच, तर पुढच्याची रॅकेट आधीच खांद्याच्या वर असते. एक टपली आणि गुण. चिरागची रॅकेट बघा, ती खाली जातच नाही. सर्व्हिस करणारा साहजिकच पुढे राहतो, त्यामुळे सात्त्विकच्या सर्व्हिसला ही मांडणी उलटी होते. मग दोन-तीन फटक्यांत सात्त्विक मागे सरकतो आणि चिराग त्याच्या बगलेतून पुढे घुसतो. ही अदलाबदल इतक्या सहज होते की ती नजरेतून निसटते. गरज पडली की चिराग मागूनही तेवढ्याच त्वेषाने मारतो, ती जुनी खुमखुमी गेलेली नाही.

या जोडीचा एकच सामना निवडायचा तर मी 15 मे 2022 चा निवडेन. बँकॉक, थॉमस कप या पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेचा अंतिम सामना, समोर इंडोनेशिया. लक्ष्य सेनने पहिली एकेरी जिंकून दिलेली. दुसऱ्या लढतीत पलीकडे मोहम्मद अहसान आणि केविन सुकामुल्यो. अहसान हेंद्रा सेतियावानबरोबर तीनदा जगज्जेता. केविन मार्कस गिडियनबरोबर वर्षानुवर्षं जगात पहिला. गिडियन जायबंदी म्हणून ही मोट बांधलेली. पहिला गेम त्यांनी 21-18 असा घेतला. दुसऱ्यात तर त्यांनी चार वेळा मॅच पॉइंट गाठला आणि चारही वेळा आपल्या पोरांनी तो परतवला. 23-21. तिसरा 21-19. दोन महान अर्ध्या जोड्या एकत्र आल्या तरी त्यांची पुरी जोडी होत नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण चार मॅच पॉइंट मिळवणाऱ्यांना ते लावणं अन्यायाचं. फरक कडेलोटाच्या क्षणीच दिसला. 20 च्या पुढे शटल मधोमध आलं की ते कुणाचं, हे सहा वर्षं शेजारी उभ्या राहिलेल्यांना विचारावं लागत नाही. पुढे एकेरीत किदंबी श्रीकांतने जिंकून कप भारताच्या हाती दिला, स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदाच.

त्याआधी एक जखम होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये या जोडीने गटातले तीनपैकी दोन सामने जिंकले. त्यातला एक ली यांग आणि वांग ची-लिन यांच्याविरुद्धचा, तिसरा गेम 27-25. तरी गेमच्या गणितात बाहेर पडावं लागलं, आणि सुवर्णपदक नेलं ते याच ली-वांगनी. बँकॉकचा तो दुसरा गेम टोकियो ठाऊक असणाऱ्याने बघितला, तर त्याची चव वेगळी लागते.

मग 2023. दुबईत आशियाई अजिंक्यपद. जकार्तात इंडोनेशिया ओपन, तेही मलेशियाच्या आरोन चिया-सोह वुई यिक यांना हरवून, ज्यांच्याकडून आधी सलग आठ वेळा मार खाल्ला होता. हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेचं सुवर्ण. इथे प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांची आठवण काढलीच पाहिजे; 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये त्यांनी पुरुष दुहेरीत कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर आली जागतिक क्रमवारीतली पहिली जागा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र उपांत्यपूर्व फेरीत पहिला गेम 21-13 जिंकल्यावर पुन्हा चिया-सोहच आडवे आले.

त्याच वर्षी, पॅरिसच्या थोडं आधी, जुलैत टी-20 विश्वविजेत्या क्रिकेटपटूंचा मुंबईत विधिमंडळात सत्कार झाला, संघासाठी 11 कोटी जाहीर झाले. तेव्हा थॉमस कपची राज्याने दखलही घेतली नाही, असं चिराग उघड बोलला. बरं केलं. नेटवर उभं राहणाऱ्याने कोर्टाबाहेरही मान खाली घालावी, असं कुठे लिहिलंय?

मुळा ओलांडली की बालेवाडी. तिथेच प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये चिराग पुणे सेव्हन एसेसकडून खेळला, तेव्हा त्याच संघात डेन्मार्कचा माथियास बो होता, जो पुढे या जोडीचा प्रशिक्षक झाला. आपल्याकडच्या कुणी त्या वेळी हे दोघं प्रत्यक्ष पाहिले असतील तर ते भाग्यवान. बाकीच्यांनी बँकॉकच्या लढतीचं चित्रीकरण शोधावं, दुसरा गेम लावावा आणि शटलवरची नजर काढून फक्त पुढच्या माणसाच्या पायांवर ठेवावी.