धक्क्याच्या नादात हरवलेला थरार

नागपूरच्या लघुपट स्पर्धांमध्ये सध्या एकच लघुपट वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा दाखवला जातो, अशी माझी तक्रार आहे. फ्लॅटमध्ये एकटी मुलगी, पावसाळी रात्र, ठिबकणारा नळ, अनोळखी नंबरवरून फोन, दारावर थाप. दहा मिनिटं कॅमेरा पडद्याआडून डोकावत राहतो आणि शेवटच्या मिनिटाला कळतं की मुलगी केव्हाच मेली आहे, किंवा ती मनोरुग्ण आहे, किंवा हे सगळं कुणाच्या तरी स्वप्नात घडत होतं. टाळ्या पडतात. 'अनपेक्षित शेवट' म्हणून परीक्षक गुण देतात. पोट्टे हुशार आहेत, कॅमेरा त्यांना कळतो, संकलनही नेटकं असतं. पण तो फ्लॅट नागपुरातला आहे याचा एकही पुरावा पडद्यावर सापडत नाही. मे महिन्याच्या दुपारी या शहरातले रस्ते ओस पडतात, खिडक्या बंद होतात आणि कूलरच्या घरघरीत शेजारची किंकाळीही ऐकू येत नाही. भीतीचं एवढं सामान दाराशी पडलेलं असताना आमच्या मुलांना विजांचा कडकडाट उसना का आणावा लागतो?

छत्रपाल निनावे यांचा 'घात' पाहिल्यावर या तक्रारीचा राग झाला. बर्लिनच्या महोत्सवात २०२३ साली पॅनोरमा विभागात दाखवला गेलेला हा चित्रपट आपल्याकडे २७ सप्टेंबर २०२४ रोजी लागला. गडचिरोलीचं जंगल, जितेंद्र जोशींचा पोलीस, मिलिंद शिंदेंचा माओवादी आणि या दोघांच्या मधे चेंगरलेला आदिवासी. खून कुणी केला हे शोधण्यात या चित्रपटाला रस नाही. खबऱ्या कोण, हा एकच प्रश्न प्रत्येकाच्या मानेवर बसलेला आहे. गडचिरोलीत खबऱ्या ठरणं म्हणजे काय, हे तिथल्या गावांना वेगळं सांगावं लागत नाही. एका बाजूला संशय आला तर चौकशी, दुसऱ्या बाजूला आला तर रस्त्यावर प्रेत आणि प्रेताशेजारी पत्रक. इकडून कोण गेलं, या साध्या प्रश्नाचं उत्तर जिथे जिवावर बेतू शकतं, तिथे दिग्दर्शकाला पार्श्वसंगीताची ढणढण कशाला लागेल? माणसं बोलताना थांबतात, शब्द तोलतात, आणि त्या थांबण्यातच आपला श्वास अडकतो. जंगल सुंदर दिसतं, पण सहलीच्या जाहिरातीसारखं नाही. झाड म्हणजे आडोसा. आणि जो आडोसा आपल्याला, तोच समोरच्या बंदुकीलाही.

ही वाट निनाव्यांच्याही आधीची आहे, आणि तिच्यावरच्या उत्तम खुणा थरारपट म्हणून ओळखल्याही जात नाहीत. 'फँड्री'तला डुक्कर पकडण्याचा प्रसंग आठवा. शाळेला लागून नायक जब्याचं अख्खं कुटुंब डुकरामागे धावतंय आणि त्याला आवडणाऱ्या शालूनं आपल्याला या कामात पाहू नये म्हणून जब्या आडोसा शोधतोय. ती पाहील की नाही पाहील, एवढाच पेच. डुक्कर हाती लागणार तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर त्यांच्यासमोरून निघून जातं. गेल्या वीस वर्षांतल्या मराठी चित्रपटात यापेक्षा ताणलेला प्रसंग मला दुसरा दिसत नाही. त्यात पिस्तूल नाही की प्रेत नाही. जात आहे, लाज आहे आणि पळून जायला जागा नाही.

लघुपटांत असा ताण पाहायचा असेल तर अमित कुमार यांचा 'द बायपास' शोधून पाहा. २००३ सालचा, पाव तासाच्या आसपासचा, जवळजवळ संवादाविना. राजस्थानातला ओसाड रस्ता आणि गाडीच्या काचेवर आदळणारा दगड. नवाजुद्दीन सिद्दीकी लुटारू आहे, इरफान खान पोलीस. दोघांचीही नावं तेव्हा मोठी झालेली नव्हती. लुटणाऱ्याला त्याच्यावरचा लुटारू भेटतो आणि वर्दी कुणाच्या अंगावर आहे याने काही फरक पडत नाही. वाळवंट काढून घेतलं तर या लघुपटात काही उरणार नाही, एवढा तो त्या जमिनीचा आहे. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' (२००४) थरारपट नव्हे, पण घरात आणलेल्या त्या यंत्राच्या घरघरीखाली दबलेला मुलगा आता काय करून बसेल, ही धास्ती पहिल्या काही मिनिटांतच पोटात शिरते. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (२०१७) भुतं आहेत, धक्केही आहेत. पण उसाच्या फडात वाट चुकलेल्या गरोदर बाईची भीती खरी वाटते, कारण पोटातल्या मुलीला मारणारी घरं खरी आहेत. हिंदीत त्याची 'छोरी' झाली.

बाकीच्यांवर फार शाई खर्च करत नाही. 'वाळवी' हुशार आहे, राष्ट्रीय पुरस्कार मिळवून बसला आहे, आणि मला दुसऱ्यांदा पाहावासा वाटला नाही. बंगल्यात अडकलेल्या मित्रमंडळींचे चित्रपट दिवाणखान्याच्या बाहेर पडत नाहीत. मानसिक आजार हा शेवटचा हुकमी पत्ता म्हणून टाकणारे लघुपट तर आजारी माणसांवर अन्याय करतात, ते बंदच व्हावेत.

यावर कुणी 'पाठलाग'चं नाव काढेल. राजा परांजप्यांच्या १९६४ च्या त्या चित्रपटात शेवटी धक्का आहेच. 'मेरा साया' त्याच्यावरूनच निघाला. पण 'पाठलाग' उभा आहे तो आपल्या मेलेल्या बायकोसारख्या दिसणाऱ्या आरोपी बाईची उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाच्या यातनेवर. रहस्य माहीत असूनही तो आजही पाहता येतो. आपल्या स्पर्धांतला कोणता लघुपट दुसऱ्यांदा पाहता येईल?

आता नागपूरकरांना सरळच विचारतो. १३ ऑगस्ट २००४ रोजी याच शहरातल्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांनी गुंड अक्कू यादवला संपवलं. वर्षानुवर्षांची दहशत, तक्रार घेऊन गेलेल्या बायकांना हाकलून देणारी यंत्रणा, आणि मग भर कोर्टात वाहिलेलं रक्त. या घटनेवर '२०० हल्ला हो' आला २०२१ साली, हिंदीत. त्याच उमेश कुलकर्णींनी 'इंडियन प्रिडेटर'मधली 'मर्डर इन अ कोर्टरूम' ही माहितीपट मालिका केली २०२२ साली, नेटफ्लिक्ससाठी. दोन्ही बाहेरच्या पैशानं, बाहेरच्या प्रेक्षकाला डोळ्यासमोर ठेवून. इथल्या तरुण दिग्दर्शकाला त्या वस्तीतली एक रात्र, एका घराचं दार आतून लावून बसलेल्या बायका, एवढ्यावर बारा मिनिटांचा लघुपट का सुचत नाही? त्याला दुमजली सेट लागत नाही. दार लागतं, कडी लागते आणि गल्लीतून येणारा पावलांचा आवाज.

सुचत नाही, कारण आपण आपली बोलीसुद्धा भीतीच्या कामाची मानत नाही. पडद्यावर वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की प्रेक्षक हसायला तयार होतो, इतकी सवय मराठी चित्रपटानं लावली आहे. नागपूरची मुलंही त्याच सवयीनं लिहितात: नायक-नायिका पुस्तकी मराठीत घाबरतात आणि 'काऊन बे' म्हणायला एक वॉचमन ठेवलेला असतो. याच शहरातले वीरा साथीदार 'कोर्ट'मध्ये नारायण कांबळे म्हणून उभे राहिले तेव्हा त्यांच्या साध्या बोलण्यात किती धार होती, हे आपण पाहिलं आहे. तीच बोली दबक्या आवाजात, अंधारात, जीव मुठीत धरून बोलली गेली तर काय होईल याचा प्रयोग अजून व्हायचा आहे. तो मुंबई-पुण्याचा कुणी येऊन करणार नाही, आणि केला तर चुकीचा करील.

प्रेक्षकांचाही हिशेब मांडायला हवा. 'घात'च्या दोनच आठवडे आधी 'तुंबाड' पुन्हा लागला होता आणि त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला गोळा केला. राही बर्वेंच्या त्या चित्रपटाचं कौतुक मलाही आहे. पण कोकणातल्या वाड्यातला राक्षस हस्तर पाहायला रांग लावणारा नागपूरकर आपल्याच विदर्भातल्या जंगलाची गोष्ट पाहायला गेला नाही, हे मला सहन होत नाही. मग निर्मात्यानं पुढच्या वेळी विदर्भात पैसा का घालावा?

म्हणून परीक्षकांना एक विनंती. पुढच्या स्पर्धेत प्रत्येक थरारपटाचं शेवटचं एक मिनिट कापून बाजूला ठेवा आणि उरलेला लघुपट पाहा. त्यात भीती वाटली तर बक्षीस द्या. नाही वाटली, तर तो शेवट कितीही अनपेक्षित असो, देऊ नका.