आठ गरुधम्म : एक पाठचिकित्सा

महाप्रजापती गौतमीची कथा आमच्या विहारांतून वर्षावासात सांगितली जाते. आठ गरुधम्मांपाशी येताच सांगणारा घाईने पुढे सरकतो. उपसंपदेला शंभर वर्षे झालेल्या भिक्खुनीने आजच दीक्षित झालेल्या भिक्खूस अभिवादन करावे, हा पहिला नियम ऐकून समोर बसलेल्या उपासिकांच्या मनात काय येत असेल, हे त्यालाही कळते.

बाबासाहेबांनी १९५१ साली 'महाबोधी' मासिकातील आपल्या लेखात महापरिनिब्बान सुत्तातला स्त्रियांविषयीचा आनंदाचा प्रश्न प्रक्षिप्त ठरविला. गरुधम्म मात्र त्यांनी नाकारले नाहीत. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते नियम कायम आहेत. तथागतांच्या प्रारंभीच्या नकारामागे विषमता नसून व्यवहार होता, एवढाच खुलासा आहे. बाबासाहेबांनी एका उताऱ्यास लावलेली कसोटी गरुधम्मांसही लावणे, हे आम्ही अभ्यासकाचे कर्तव्य समजतो.

सहावा गरुधम्म पाहावा. सिक्खमानेने दोन वर्षे सहा नियमांचे शिक्षण घ्यावे व नंतर उभय संघांकडून उपसंपदा मागावी, असे तो सांगतो. पहिलीच स्त्री दाराशी उभी असताना भिक्खुनीसंघ कोठला? चुल्लवग्गाच्या त्याच खंधकात गौतमी पुढे विचारते, की या शाक्य स्त्रियांचे काय करावे. तेव्हा भिक्खूंनी भिक्खुनींना उपसंपदा द्यावी अशी अनुज्ञा मिळते. अंतरायिक प्रश्न भिक्खूंसमोर विचारले जात असता स्त्रिया लाजू लागल्या, म्हणून ते आधी भिक्खुनीसंघात विचारावेत, ही व्यवस्था त्याहून नंतरची. अर्थात उभय संघांची पद्धती टप्प्याटप्प्याने घडली आणि मागाहून प्रारंभीच्या प्रसंगात घातली गेली, असे आमचे मत आहे. भिक्खुनीविभंगही यास दुजोरा देतो. दोन वर्षे न शिकलेल्या स्त्रीस उपसंपदा देऊ नये, हा पाचित्तिय नियम तेथे स्वतंत्र घटनेतून जन्मतो. आधीच्या गरुधम्माचा भंग झाला, असे ती निदानकथा म्हणत नाही.

एक उतारा आमच्या मतास गैरसोयीचा आहे, तो लपविणे योग्य नव्हे. ज्येष्ठतेनुसार परस्परांना अभिवादन असावे, अशी विनंती गौतमी आनंदामार्फत करते आणि ती नाकारली जाते. हा भाग सहज प्रक्षिप्त म्हणता येणार नाही. परंतु तेथे दिलेले कारण, अन्यतीर्थिकही स्त्रियांना अभिवादन करीत नाहीत, एवढेच आहे. ते लोकरूढीचे कारण आहे. स्त्रीच्या योग्यतेचा प्रश्न त्याच खंधकात आधीच निकालात निघाला आहे : स्त्री अर्हत्त्वापर्यंत पोहोचू शकते, असे तथागत आनंदास स्पष्ट सांगतात.

या संपादनामागची मनोवृत्ती कोणाची, हे पुढच्याच खंधकात दिसते. राजगृहाच्या संगीतीत थेरांनी आनंदावर ठेवलेल्या दोषांत स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी केलेली खटपट हाही एक दोष आहे. आनंद म्हणाला, यात मला दोष दिसत नाही. तरी तुमच्यावरील श्रद्धेने कबूल करतो. (हे उत्तर पिटकात टिकले, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटते.)

श्रीलंकेतील भिक्खुनी परंपरा अकराव्या शतकाच्या सुमारास खंडित झाली. १९९६ साली सारनाथला व १९९८ साली बोधगयेला तेथील स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली, तेव्हा थेरवादी भिक्खुनीसंघच उरला नसता उभय संघ आणणार कोठून, असा आक्षेप सहाव्या गरुधम्माच्या आधारे घेतला गेला. तो आजही घेतला जातो. भिक्खूंना दिलेली ती अनुज्ञा मात्र आक्षेपकांच्याच पोथीत आहे, आणि ती मागे घेतल्याचे वाक्य त्या खंधकात आम्हांस आढळले नाही.