क्लॅडिंगमागची मर्सिडीज

डब्ल्यू१२४ ही मर्सिडीज बाजूने बघावी. समोरची जाळी आणि तारा सगळ्यांनाच दिसतो, पण या गाडीची खरी मांडणी दारांवर आहे. १९८४ साली ती आली तेव्हा दारांवर एक अरुंद काळसर पट्टी होती, बस्स. १९८९ च्या फेरफारात त्या जागी रुंद क्लॅडिंग, म्हणजे प्लास्टिकचं आच्छादन आलं. पुढच्या मडगार्डपासून मागच्या चाकापलीकडे जाणारं, बंपरशी नातं सांगणारं, वरच्या कडेला बारीक चकचकीत रेघ असलेलं. रंग गाडीशी जुळणारा, पण वेगळा. प्रत्येक रंगाला कोणती छटा द्यायची तेही कारखान्यातच ठरलेलं. जर्मनीत ही क्लॅडिंगं ‘साक्कोच्या फळ्या’ म्हणूनच ओळखली जातात.

ब्रूनो साक्को मूळचे इटलीतल्या उदिनेचे. १९७५ पासून १९९९ पर्यंत मर्सिडीजचं डिझाइन त्यांच्या हाती होतं. नव्या गाडीमुळे जुनी गाडी शिळी दिसता कामा नये आणि एका काळातल्या लहानमोठ्या गाड्या एका घरातल्या वाटाव्यात, हे त्यांचं सूत्र. १९७९ च्या एस-क्लासवर ही रुंद क्लॅडिंगं आधीच आली होती. दहा वर्षांनी ती डब्ल्यू१२४ वर उतरली आणि थोरलीचा तोंडवळा धाकटीत दिसू लागला. काही रसिकांना १९८९ आधीची उघडी दारंच शुद्ध वाटतात. मला नाही वाटत. ती बाजू जरा जास्तच उंच आणि कोरी दिसते. क्लॅडिंगने तिचा खालचा भाग वेगळा काढला, त्यामुळे गाडी बसकी आणि लांब भासते. शिवाय रस्त्यावरचे खडे पत्र्याऐवजी प्लास्टिक झेलतं. शोभा आणि उपयोग यांची इतकी चांगली गाठ मोटारीत क्वचित पडते.

पण याच गाठीत पाणी अडकतं. क्लॅडिंग बसवायचं तर पत्र्याला भोकं हवीत, आणि भोकाच्या कडेला रंगाचा थर सर्वांत पातळ असतो. वरच्या कडेतून चिखल झिरपतो, आत साठतो, पावसाळा सरला तरी ओल धरून ठेवतो. गाडी धावताना क्लॅडिंगची कड बारीक थरथरते आणि आत शिरलेली धूळ पॉलिश पेपरासारखी रंगावर घासत राहते. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ, आपल्याकडे मुंबई-कोकणची खारी हवा, काम एकच. पुण्यात टेल्कोच्या भागीदारीत १९९५ पासून जुळवल्या गेलेल्या डब्ल्यू१२४ ना आता तीस वर्षं होत आली. बाहेरून त्या ठणठणीत दिसतात, याचं निम्मं श्रेय क्लॅडिंगच्या झाकपाकीला आहे.

म्हणून क्लॅडिंगं उतरवायची. चांगल्या डेंटरचं कसब वेल्डिंगआधी इथेच कळतं. तो आधी गाडी धुतो, कारण फटीत राहिलेला एक कण पुरे, उतरवता उतरवता दारावर चरा उमटतो. मग क्लॅडिंगच्या वरच्या कडेलगत पत्र्यावर मास्किंग टेप. दार उघडून दोन्ही कडा बोटांनी चाचपायच्या. टोकाला स्क्रू किंवा नट असला तर तो सर्वांत आधी काढायचा. घाईत अनेक जण नेमकं हेच विसरतात आणि टोक तडकतं. पुढे लोखंडी स्क्रू ड्रायव्हरला हातसुद्धा लावायचा नाही. प्लास्टिकची किंवा लाकडाची पातळ पाचर घ्यायची. ती दोन क्लिपांच्या मधे घातली तर क्लॅडिंग वाकतं आणि क्लिप जागची हलत नाही. पाचर क्लिपच्या अगदी जवळ सरकवायची, किंचित दाब द्यायचा, थांबायचं. क्लिप मोकळी झाल्याचा बोथट आवाज येतो. तुटल्याचा आवाज कोरडा आणि टणक असतो. अनुभवी माणूस दोन्हींतला फरक न बघता सांगतो. तीस वर्षांच्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, काही तुटणारच. नव्या क्लिपांचा सेट आधी हातात असल्याशिवाय काम सुरू करू नये. थंडीतल्या सकाळी प्लास्टिक जास्त कडक असतं, म्हणून क्लॅडिंगला थोडं ऊन लागू द्यावं.

क्लॅडिंग सुटलं की पहिली नजर रंगाकडे जाते. उन्हाने कधीच न पाहिलेला मूळ रंग तिथे शाबूत असतो, वर फिका पडलेल्या रंगाशेजारी तो जवळजवळ परका वाटतो. मग दिसते वाळलेल्या चिखलाची पट्टी आणि क्लिपांच्या भोकांभोवती उठलेले फोड. प्रत्येक फोड टोच्याने दाबून बघायचा. पत्रा कडक लागला तर गंज वरचा आहे. टोच्या आत गेला तर गंज दाराच्या आतून आलाय. हे दुसरं जास्त वाईट. काचेच्या रबरातून दारात पाणी उतरणं अपेक्षितच असतं, म्हणून तर तळाशी निचऱ्याच्या फटी ठेवलेल्या असतात. त्या बुजल्या की पाणी तळाच्या दुमडीत साचतं आणि पत्रा आतून खात सुटतं. अशा दाराचं आतलं पॅनल काढून फटी मोकळ्या केल्या नाहीत तर बाहेरची दुरुस्ती वाया. जॅकच्या जागांवरची प्लास्टिकची झाकणंही याच वेळी उघडून बघावीत. या गाडीचा सडका भाग बहुधा तिथे लपलेला असतो.

पुढचं काम नेहमीचंच. सडका पत्रा कापायचा, नवा तुकडा अंतराअंतरावर टाके घालत जोडायचा, कारण सलग वेल्डिंगच्या उष्णतेने दाराचा सपाट पत्रा हटकून वाकतो. भोकांच्या कडांना झिंक प्रायमर, आतून मेण.

पण क्लॅडिंग परत बसवताना काही गॅरेजं जी हातचलाखी करतात ती मला सहन होत नाही. तुटलेल्या क्लिपांच्या जागी सिलिकॉनचे गोळे लावून क्लॅडिंग दाबून चिकटवायचं. दिसायला बरं दिसतं, पण पाण्याला नवे कोपरे मिळतात आणि पुढच्या खेपेला क्लॅडिंग न फुटता निघत नाही. अशी गाडी ओळखायला सोपी आहे. पुढच्या चाकाशी उकिडवं बसावं आणि वरच्या चकचकीत रेघेवरून नजर मागे न्यावी. मडगार्ड, पुढचं दार, मागचं दार, मागचा पत्रा. फटी ओलांडताना रेघ कुठे जरा जरी चढली-उतरली, तर विकणाऱ्याला आधी क्लॅडिंग काढून दाखवायला सांगावं, किमतीचं नंतर बोलावं.