कुष्ठजंतू आणि मराठी विज्ञानलेखनातील युद्धभाषा

मराठी विज्ञानलेखनात जंतू म्हणजे शत्रू, शरीर म्हणजे किल्ला आणि पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक हे रूपक रूढ झाले आहे. कुष्ठजंतूच्या बाबतीत ते अपुरे ठरते. १८७३ मध्ये हॅन्सन यांनी शोधलेल्या या जंतूला स्वतःची हालचाल नाही. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींच्या (येथे श्वान हे शास्त्रज्ञाचे नाव) आवरणातील लॅमिनिन-२ या प्रथिनास त्याच्या कवचातील फिनॉलिक ग्लायकोलिपिड चिकटते आणि पेशी त्याला आत घेते. तट फोडण्याचा प्रसंगच येत नाही. पुढे मज्जातंतूंची बरीचशी हानी आपल्याच प्रतिकारशक्तीच्या दाहातून होते. मग सैनिक कोणाचे म्हणावेत?

हा केवळ शैलीचा प्रश्न नाही. ‘आक्रमण’ हा शब्द वाचून सामान्य माणूस जंतूला नव्हे, रुग्णाला भितो. सेवाग्रामला गांधीजींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वहस्ते केली. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. देवळीच्या विद्यार्थ्यास ही स्थळे परकी नाहीत. तरीही उत्तरपत्रिकेत ‘जंतूंचा हल्ला’च येतो. शेतातून येताना धोतराला कुसळ चिकटते, हा त्याच्या घरचा अनुभव प्रस्तुत प्रक्रियेच्या कितीतरी जवळचा आहे. तो शब्द मात्र आपण त्याला लिहू दिलेला नाही.